तुम्ही विचारा: रडवणारा नि हसवणारा एकाच पानावर

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहून गेलो, की शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या मराठी मासिकांतला विनोद आज आपल्याला निम्माच कळतो, उरलेला निम्मा त्याच काळच्या कवितेत अडकलेला असतो आणि ती कविता आपण वाचलेली नसते. एवढंच. त्यावर बेळगाव, खानापूर, निपाणी, कडोली, कुठून कुठून पत्रं आली, दोन तर चार-चार पानी, आणि व्हॉट्सअॅपवरचे आवाजी मेसेज वेगळेच. म्हणून यावेळी सगळं सदर याच विषयाला दिलंय, सातबाऱ्याबद्दल विचारणाऱ्यांनी पुढच्या महिन्यापर्यंत दम धरावा. नावं गाळलीत, गावं ठेवलीत, पत्रं कापलीत. रागावू नका, आमचे वडील शहापुरात छापखान्यात कंपोझिटर होते, मजकूर कापून जागेत बसवायचा हे घरातच बघत आलोय.

शहापूर, बेळगाव: अण्णा, माळ्यावरच्या ट्रंकेत आजोबांचे 'मासिक मनोरंजन'चे पाच-सहा अंक सापडले. एका पानावर मरणाची कविता, वाचून माझ्या बायकोच्या डोळ्यात पाणी आलं, आणि बरोब्बर तिच्या खाली विसरभोळ्या वकिलाचा चुटका! संपादकाला काही वाटत नव्हतं का ओ? आणि एका अंकात एक पान कात्रीनं चौकोनी कापलंय, खिडकीसारखं. ते काय असेल?

वाटत असणार की, पण त्याला पान भरायचं होतं. मोबाईलवर बोटानं सरकवत वाचणाऱ्याला हे सांगून पटत नाही. शिशाचे खिळे, एकेक अक्षर खणातून उचलायचं, स्टिकमध्ये लावायचं, ओळी झाल्या की गॅलीत सरकवायच्या, मग पानं पाडायची आणि आठ नाहीतर सोळा पानांचा फर्मा एकदमच मशीनवर चढायचा. लेख संपला आणि पान अर्धं उरलं तर कोरं सोडायची चैन कुणाला परवडणार, कागदाला पैसे पडतात. मग घाला कविता. कवितेचं बरं असतं, आठ ओळींची पाहिजे तर आठ ओळींची मिळते, चौदाची पाहिजे तर चौदाची, आणि टपालानं आलेल्या कवितांचा गठ्ठा कुठल्याही संपादकाच्या टेबलावर कधी संपल्याचं मी तरी ऐकलं नाही. तरीही चार बोटं जागा उरली तर चुटका. वडील म्हणायचे, कविता म्हणजे कमी खिळे आणि जास्त क्वाड. क्वाड म्हणजे रिकाम्या जागेत ठोकायचे बुटके तुकडे, ते कागदावर उमटत नाहीत. कवितेचं खरं मोजमाप मी एवढं नेमकं पुढं कुठल्या समीक्षकाकडून ऐकलं नाही.

पण नुसती भरती म्हणून सोडून देऊ नका. 'मनोरंजन' १८९५ साली मुंबईत काशिनाथ रघुनाथ मित्रांनी सुरू केलं. हे मूळचे आजगावकर, म्हणजे आपला आंबोली घाट उतरून सावंतवाडीकडं गेलं की आजगाव लागतं तिकडचं आडनाव, पण बंगाली भाषेचं एवढं वेड की आडनावच मित्र करून घेतलं. १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला तो याच माणसानं. त्यांना मासिक घरातल्या सगळ्यांसाठी पाहिजे होतं, सासूला, सुनेला, कॉलेजातल्या पोराला. आणि घरात अंक एकच. मग एकजण मोठ्यानं वाचणार आणि बाकीचे भाजी निवडत, सुपारी कातरत ऐकणार. अशा ऐकणाऱ्याला कवितेखाली चुटका आला म्हणून धक्का बसत नाही. कीर्तनात काय होतं? बुवा हरिश्चंद्राला स्मशानात उभा करून बायकांना पदर डोळ्याला लावायला लावतात आणि पुढच्या मिनिटाला पहिल्या रांगेत पेंगणाऱ्या एखाद्या तात्यांवर कोटी करून सगळा मांडव हसवतात. तशी सवय असलेली ही माणसं.

आता ती खिडकी. कुणीतरी कविता कापून वहीत चिकटवलीय. हा आपल्याकडं सर्रास प्रकार होता, ज्याला अंक फाडायचा धीर नव्हता तो उतरवून घ्यायचा, ज्याला उतरवायचा कंटाळा तो कात्री चालवायचा. गंमत अशी की खिडकीच्या मागच्या बाजूला जे काय होतं तेही गेलं. उलटून बघा, एखाद्या विनोदी लेखाचा शेवट गेला असेल, आणि तुमच्या आजीनं तो चुटका अर्धाच वाचून वर्ष काढलं असेल.

खानापूर: सर, मी एम. ए. मराठी करतेय. गोविंदाग्रज म्हणजेच बाळकराम हे पाठ आहे, पण एकाच माणसाला दोन नावं कशाला लागतात ते कळत नाही. वर्गात विचारलं तर "परीक्षेला नाही" असं उत्तर मिळालं.

परीक्षेला नाही हे खरं आहे बाळ, पण प्रश्न चांगला आहे.

राम गणेश गडकरी, जन्म १८८५, मृत्यू जानेवारी १९१९. तेहेतीस वर्षांचं आयुष्य. एवढ्यात नाटकं स्वतःच्या नावानं, कविता गोविंदाग्रज नावानं, विनोद बाळकराम नावानं. हे नुसतं लपणं नव्हतं, वाचकाशी केलेला करार होता. गोविंदाग्रज हे नाव दिसलं की वाचक आवाज खाली आणून वाचायचा. 'राजहंस माझा निजला' आठव, मेलेलं मूल मांडीवर घेऊन ते झोपलंय म्हणणारी आई, ती कविता हसतखेळत वाचायला घेता येत नाही. आणि बाळकराम दिसला की माणूस वाचायच्या आधीच मांडी मोडून बसायचा. नाव म्हणजे दुकानाची पाटी. कुंद्याच्या मिठाईच्या दुकानात शिरणारा माणूस औषध मागत नाही.

पण खरी मौज पुढंच आहे. या बाळकरामानं 'कवींचा कारखाना' लिहून नवशिक्या कवींची जी काय धुलाई केली, त्यातला मारा बरोबर बसतो याचं कारण मारणारा आतला माणूस होता. यमक जुळवताना कुठं लबाडी करता येते, अर्थ नसला तरी चंद्र आणून ओळ कशी उभी करता येते, प्रेमभंग झालेला नसला तरी कसा करून घेता येतो, ही सगळी गिऱ्हाइकाला न दिसणारी मागल्या खोलीतली कामं गोविंदाग्रजानं स्वतः केलेली. बाळकराम फक्त मागचं दार उघडून दाखवतो. बाहेरच्या माणसानं कवितेची टिंगल केली असती तर ती नुसती कुचेष्टा झाली असती, आणि तशा कुचेष्टा त्या काळात ढिगानं छापून आल्या, आज त्या कुणाला आठवत नाहीत.

अजून एक लक्षात ठेव, याचा तुला परीक्षेलाही उपयोग होईल. त्यांचा कवितासंग्रह 'वाग्वैजयंती' आला १९२१ मध्ये, म्हणजे ते गेल्यावर. विनोदी लेखांची पुस्तकंसुद्धा नंतरच. जिवंतपणी वाचकांना ते भेटले ते महिन्याच्या महिन्याला, मासिकातून, तुकड्यातुकड्यानं, कधी या नावानं कधी त्या. आज आपण कपाटातून दोन वेगळी पुस्तकं काढतो, एक रडायचं एक हसायचं, आणि मग विचारतो की हा एकच माणूस कसा. त्यांचं एकत्र असणं आधी होतं गं, वेगळं आपण केलं.

निपाणी: काका, आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मी 'आम्ही कोण'चं विडंबन करून टाकलं, तंबाखूच्या वखारीवर. सगळे हसले पण आमचे जुने सर चिडले, म्हणाले केशवसुतांचा अपमान आहे, आणि ग्रुप सोडून गेले. आता गावात तोंड दाखवायची पंचाईत. विडंबन म्हणजे अपमान का?

आधी सरांच्या घरी जाऊन पाया पड, मग पुढचं वाच.

विडंबन अपमान आहे की नाही हे ठरवायची माझी एक साधी कसोटी आहे. वृत्त पाळलंय का? तू पाठवलेलं मी वाचलं, पहिल्या दोन ओळी झकास, तिसरीत तू दोन अक्षरं जास्त घातलीस आणि चौथीत सरळ गद्य. तिथं सर चिडले असतील तर ते केशवसुतांसाठी नव्हे, शार्दूलविक्रीडित या त्या कवितेच्या वृत्तासाठी चिडले असतील, आणि मी त्यांच्या बाजूनं.

बोटं काढ आणि मोज. "आम्ही कोण म्हणूनि काय पुसता" ही बारा अक्षरं, इथं जीभ जरा थांबते, मग "आम्ही असू लाडके" ही सात. एकोणीस. केशवसुतांनी १९०१ मध्ये हे लिहिलं, आणि कवी म्हणजे देवाचा लाडका अशी छाती पुढं काढून घोषणा केली. पुढं अत्र्यांनी 'झेंडूची फुलें'मध्ये याचंच विडंबन केलं. सुरुवात जवळजवळ तीच, आणि थांबल्यावरच्या त्या सात अक्षरांच्या जागी काय घातलं? "दाताड वेंगाडुनी". मोज. दा, ता, ड, वें, गा, डु, नी. गुरु गुरु लघु, गुरु गुरु लघु, गुरु. 'आम्ही असू लाडके' जसं आहे तसंच, मात्रेनं मात्रा. वाचकाची जीभ 'लाडके' म्हणायला उचललेली असते आणि तिच्यावर 'दाताड' येऊन पडतं. हसू तिथं फुटतं, शब्दाच्या अर्थात कमी आणि त्या बसण्यात जास्त. ज्याला मूळ ओळ पाठ नाही त्याला 'दाताड' नुसता शिवराळ वाटणार. मी गेल्या अंकात निम्मा विनोद म्हटलं तो हा.

आणि अत्रे मारतात कुणाला ते बघ. केशवसुतांना नाही. त्यांचा कवी विचारतो, मासिकात आमचा फोटो तुम्ही पाहिला नाही का? म्हणजे ज्याला देवाचा लाडका व्हायचं नाही, संपादकाचा लाडका व्हायचंय, तो. १९२३ च्या सुमारास पुण्यात रविकिरण मंडळ जमलं, माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश, रानडे पतीपत्नी वगैरे, सुनीतं, गज्जल, काव्यगायन यांची लाट आली, आणि प्रत्येक लाटेबरोबर येतो तसा पुष्कळ गाळही आला. जो तो नाजूक फुलांची नावं कवितेला देणार. त्यावर अत्र्यांनी पुस्तकाचं नाव ठेवलं झेंडू! दसऱ्याला आपल्या बाजारात पोत्यानं ओततात ते फूल, कवितेत त्याला कोण विचारतो. कवी चंद्राला, मेघाला, प्रियेला हाका मारतात, हा हाका मारतो परटाला, लग्नातला रेशमी कोट परत कधी आणतोस म्हणून. चहाच्या कपात पडलेल्या माशीला उद्देशून कविता, आणि तिचं शीर्षक 'कषाय-पेय-पात्र-पतित मक्षिकेप्रत'. एवढं भारदस्त शीर्षक उच्चारेपर्यंत माशी मेलेली असते.

आणि हेही ऐक, केशवकुमार हे नाव अत्र्यांनी घेतलं ते काय नुसती टिंगल म्हणून नव्हे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, आणि अत्रे म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. दोघांच्याही वडिलांचं नाव केशव! नाव खरंच लागू होतं. शिवाय अत्र्यांनी स्वतः गंभीर कविताही लिहिल्या, पुढं पुस्तकही काढलं, पण लोकांच्या लक्षात राहिला तो परीट.

तर तू असं कर, तिसरी-चौथी ओळ दुरुस्त कर, कागदावर हातानं लिहून सरांकडं घेऊन जा आणि त्यांनाच गण पाडायला सांग. मास्तर माणूस, चूक दिसली की राग विसरतो.

वडगाव, बेळगाव: कोल्हटकरांचा विनोद एवढा थोर म्हणतात, मी दोनदा 'सुदाम्याचे पोहे' हातात घेतलं, दहा पानांत झोप. माझंच काय चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही, पोहे गार झालेत. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचा पहिला विनोदी लेख 'साक्षीदार' आला १९०२ मध्ये, 'विविधज्ञानविस्तारा'त, म्हणजे ज्या मासिकात जडजड शास्त्रीय आणि ऐतिहासिक लेख यायचे तिथं. त्याच्या शेजारी हा सुदामा आपल्या बंडूनाना आणि पांडूतात्या या दोन मित्रांना घेऊन येऊन बसला. आजूबाजूला सगळे पगडी घालून बसलेले असताना एकानं हळूच डोळा मारला तर केवढं हसू येईल, ते हसू होतं. ते आज पुस्तकात सलग बत्तीस वेळा डोळा मारतात, मग झोप येणारच. माझं ऐका, महिन्याला एकच लेख वाचा, आणि तोही मोठ्यानं, कारण त्यांच्या कोट्या कानाच्या आहेत. समारंभ, शकुन-अपशकुन, लग्नातलं देणंघेणं हे वाचताना आपल्याच भाऊबंदांचे चेहरे दिसायला लागतात. गडकरी कोल्हटकरांना गुरू मानायचे. चेला गुरूपेक्षा जास्त हसवतो असं माझं स्पष्ट मत आहे, 'ठकीच्या लग्ना'ला मी आजही एकटा हसतो, पण कोल्हटकरांनी रस्ता पाडला नसता तर ठकीचं लग्न निघालंच नसतं.

टिळकवाडी, बेळगाव: तुमच्या सगळ्या लिहिण्यात पुरुषच पुरुष. बायका त्या काळात हसत नव्हत्या का काय?

ताई, ठोसा बरोबर बसला. हसत होत्या, पण त्यांना छापताना संपादकाला त्यांच्याकडून ओव्या, उपदेश आणि बालसंगोपन पाहिजे असायचं, आणि विनोदी लेखात बाई यायची ती बहुतेक भांडखोर बायको नाहीतर उजवायची राहिलेली मुलगी म्हणून. वर ठकीचं कौतुक केलं ना मी, त्यात ठकीच्या रूपाची जी थट्टा आहे ती आज माझ्या नातीला वाचून दाखवली तर ती म्हणाली, आजोबा, यात हसायचं काय आहे? मी गप्प बसलो.

पण लक्ष्मीबाई टिळकांकडं बघा. नवऱ्यानं, म्हणजे रेव्हरंड टिळकांनी, कविता लिहायच्या, नाव त्यांचं, आणि घरात काय चाललंय ते बघणार लक्ष्मीबाई. लहानपणी अक्षरओळख नाही, लिहा-वाचायला शिकल्या लग्नानंतर. पुढं कविताही केल्या, आणि आठवणी लिहिल्या त्या 'स्मृतिचित्रे'. त्यात टिळकांचा तापटपणा, विसराळूपणा, घरात दाणा नसताना पाहुणा घेऊन येणं हे असं सांगितलंय की माणूस हसत हसत एकदम थांबतो. टिळकांवर ओरखडा नाही, आणि सोडलेलंही काही नाही. बालकवी ठोंबरे त्यांच्या घरी राहायला असायचे, तो एवढा मोठा निसर्गकवी आपल्याला भेटतो तो त्यांच्या घरातला पोर म्हणून. मासिकांतल्या सगळ्या कवींचे फोटो एका बाजूला आणि ही पानं एका बाजूला ठेवा. कवी म्हणजे घरात वावरणारा कसला प्राणी असतो हे त्या काळात एवढ्या जवळून बाळकरामालासुद्धा लिहिता आलं नाही, कारण त्याला कवीसाठी स्वयंपाक करावा लागला नव्हता.

धारवाड: केशवसुत आमच्याकडं शिक्षक होते असं ऐकलंय. खरं का? इथं कुणाला काही माहीत नाही.

खरं आहे. आयुष्याची शेवटची दीड-दोन वर्षं. खानदेशात फैजपूरला होते, तिथून १९०४ मध्ये धारवाडला हायस्कुलात आले. तेव्हा बेळगाव काय, धारवाड काय, सगळा मुंबई इलाखाच, बदल्या अशा व्हायच्या. पुढच्याच वर्षी हुबळीला नातेवाइकांकडं गेले असताना प्लेगनं गाठलं आणि ७ नोव्हेंबर १९०५ ला तिथंच गेले. चाळिशीसुद्धा नव्हती. 'तुतारी' लिहिणारा माणूस हुबळीत गेला, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं, जन्मगाव मालगुंड तेवढं सांगितलं.

आणि ज्या माणसाला आज आधुनिक मराठी कवितेचा जनक म्हणतात त्याचं जिवंतपणी एक पुस्तक नाही! कविता सगळ्या मासिकांत आणि साप्ताहिकांत विखुरलेल्या, हरिभाऊ आपट्यांनी पुढं त्या गोळा करून छापल्या. जळगावला नारायण नरसिंह फडणीस म्हणून गृहस्थ होते, त्यांनी १८८७ पासून 'काव्यरत्नावली' चालवलं, निव्वळ कवितेचं मासिक, त्यात दुसरं काही नाही. नुसत्या कवितांवर मासिक इतकी वर्षं चालवणारा माणूस हा माझ्या मते त्या काळातला सगळ्यात मोठा विनोद आहे, आणि सगळ्यात गंभीर माणूसही.

तुमच्याच गावातले बेंद्रे बघा, घरात मराठी, कविता कन्नड. तुमच्याकडच्या हवेतच काहीतरी असावं.

कडोली: आमच्या गावात दरवर्षी साहित्य संमेलन होतं, तुम्हाला माहीतच आहे. कविसंमेलनात विनोदी कवितेला शिट्ट्या आणि गंभीर कविता सुरू झाली की लोक चहाला उठतात. पूर्वीही असंच होतं की आपणच बिघडलो?

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, मी सगळीकडं मांडवात बसलोय बगा, आणि चहाला उठणाऱ्यांत मीही असतो, तेव्हा मला न्यायाधीश करू नका. पूर्वीचं सांगतो. १९०७ मध्ये जळगावला कविसंमेलन भरलं, त्यात सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबरे नावाच्या पोरानं कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्याला तिथंच 'बालकवी' म्हटलं. गंभीर, निसर्गाची कविता, आणि लोक ऐकत राहिले. का? म्हटली म्हणून. वाचून नाही दाखवली. पुढं रविकिरणवाले गावोगाव कविता गाऊन दाखवायचे, लोक तिकीट काढल्यासारखे जायचे.

आपल्या मांडवात काय होतं? गंभीर कवी मोबाईलकडं बघून, मान खाली घालून, माईकपासून हातभर लांब उभा राहून वाचतो. आधी तीन मिनिटं पार्श्वभूमी सांगतो. विनोदी कवी पाठ म्हणतो, लोकांकडं बघतो, जागा घेतो. लोक विनोदाला टाळ्या देतात असं नाही ओ, पाठांतराला देतात. पुढच्या वर्षी उलट करून बघा, गंभीर कविता पाठ पाहिजे अशी अट घाला आणि विनोदीवाल्यांना कागद द्या. मी पहिल्या रांगेत बसतो, चहा जाग्यावर आणून द्या म्हणजे झालं.

अनगोळ, बेळगाव: आपल्या भागातून असं एखादं मासिक निघालं का हो?

आपल्या भागातून असं म्हणता येईल की नाही ते तुम्ही ठरवा. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. बेळगावात सायकलीचं दुकान, मग लोखंडी नांगर, आणि १९१० मध्ये औंधच्या संस्थानात माळावर जाऊन किर्लोस्करवाडी वसवली. तिथून १९२० च्या जानेवारीत 'किर्लोस्कर खबर' निघालं, कारखान्याची बातमीपत्रिका म्हणून. शं. वा. किर्लोस्करांनी बघता बघता त्याचं मासिक करून टाकलं, आणि ते स्वतः व्यंगचित्रं काढायचे, म्हणजे संपादकच हसवणारा. नांगराच्या जाहिरातीशेजारी कथा-कविता, हे 'मनोरंजन'वाल्यांना सुचलं नसतं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९१९ ला, बाबूराव ठाकुरांनी बेळगावात 'तरुण भारत' सुरू केलं होतं, पण ते वर्तमानपत्र, त्याची गोष्ट वेगळी आणि लांब.

शहापूरच्या पहिल्याच वाचकाचं दुसरं पत्र, काल आलेलं: अण्णा, खिडकी उलटून बघितली. मागं ओळी तुटल्यात, विनोदी लेखच होता वाटतं. आता हे अंक काय करू? मुलगा म्हणतो प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करूया.

मुलाला म्हणावं हात लावू नकोस. लॅमिनेशन एकदा केलं की निघत नाही आणि जुना कागद आतल्या आत भाजल्यासारखा होतो. सुती कापडात गुंडाळा, आडवे ठेवा, उभे नको. पावसाळ्यात आपल्याकडं दमट हवा असते, ट्रंक भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून वर ठेवा, वाळवलेला कडुलिंबाचा पाला घाला, सेलोटेप अजिबात लावू नका. सावकाश एकेक पानाचा उजेडात फोटो काढा, फ्लॅश न मारता. आणि देऊन टाकायचे असतील तर आधी चार ठिकाणी चौकशी करा, मी एका ठिकाणी विश्वासानं वडिलांचे बांधीव खंड दिले होते, दोन वर्षांनी गेलो तर जागा पाहिजे म्हणून रद्दीत घातल्याचं कळलं. कुणाचं नाव घेत नाही.

आणि आजीची वही घरात कुठं आहे का ते शोधा. देवघराच्या फळीवर, पाककृतींच्या वहीत, मापाच्या ब्लाउजच्या पेटीत, कुठंही असेल. तो चौकोन त्यात चिकटवलेला असला तर खळ वाफेवर ओली करून अलगद सोडवा. माझा अंदाज, पुढच्या बाजूला कविता असेल. मला मागच्या बाजूचा फोटो पाठवा.